येतो म्हणजे जातो

"कसं वाटतंय?" मी विचारलं.

"कुठे?" त्याने विचारलं.

समोर चौतिशीतला एक इंजिनियर बसला होता. हिंजवडीत नोकरी, कोथरूडला घर, आणि बायकोने 'एकदा जाऊन तर ये' म्हणून धाडलेला. हे २०१४ सालचं. तोवर समुपदेशनाच्या विद्यार्थ्यांना शिकवण्यात माझी पंधरा वर्षं गेली होती. 'कसं वाटतंय' हा आमचा सलामीचा प्रश्न. त्यावर लोक रडतात, गप्प होतात, 'बरंय' म्हणून खिडकीबाहेर बघतात. 'कुठे' असं आजवर कुणी विचारलं नव्हतं. मी आवाज आणखी मऊ करून पुन्हा विचारलं. तो म्हणाला, "म्हणजे पोटात, डोक्यात, की ऑफिसात?"

भेट संपल्यावर वहीत मी दोन शब्द लिहिले: प्रतिकार, बौद्धिकीकरण. पहिल्याच सत्रात शिकवले जाणारे हे शब्द. माणूस आपल्या साच्यात बसला नाही की हाताशी असलेले बरे. दोन्ही चुकले होते. तो काहीही टाळत नव्हता. त्याला खरोखरच पत्ता हवा होता.

पुढच्या भेटीला तो एक्सेलची शीट छापून घेऊन आला. तीन आठवड्यांच्या नोंदी, दर दोन तासांनी एक. झोप किती, जेवण कधी, मीटिंगा किती, आजूबाजूला आवाज किती. शेवटच्या रकान्यात दोनच पर्याय: 'काहीतरी आहे' आणि 'काही नाही'. राग, भीती, कंटाळा असलं एकही नाव त्यात नव्हतं. पण शीट नीट वाचली तर सगळं लिहिलेलं होतं. ऑफिसात त्याची जागा बदलून पँट्रीशेजारी आली, त्या दिवसापासून 'काहीतरी आहे' दाटीवाटीने भरलं होतं. मायक्रोवेव्हची टीं-टीं, कपबश्या, येणाऱ्या-जाणाऱ्याचं 'क्या चल रहा है'. भूक लागल्याचं त्याला हात थरथरायला लागले की कळायचं. मनात काय चाललंय ते तर त्याहून उशिरा. भावना असते, पण तिचं नाव हाताला लागत नाही, याला शास्त्रात अलेक्झिथायमिया म्हणतात आणि ऑटिस्टिक लोकांपैकी जवळपास निम्म्यांना ती अडचण असते. तेव्हा मला ही संज्ञा माहीत होती. ती समोर खुर्चीत बसली आहे हे ओळखता आलं नाही.

दोन वर्षांनी त्याचा फोन आला. मुलगा तीन वर्षांचा झाला तरी बोलत नव्हता म्हणून बालविकास केंद्रात तपासण्या झाल्या होत्या, आणि अहवाल हातात घेऊन हा गृहस्थ त्या केंद्राच्या जिन्यातच बसला होता. "मॅडम, यात नाव माझ्या मुलाचं आहे, पण बाकी सगळं माझं आहे." पुढे त्याचंही ऑटिझमचं रीतसर निदान झालं. मुलामुळे बापाचं किंवा आईचं निदान होणं ही माझ्याकडची नेहमीची वाट आहे आता.

इथे ज्यांच्याबद्दल लिहिते आहे त्यांची नावं देत नाही. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत, आणि ज्यांना विचारता आलं त्यांना विचारलं आहे. एकीने परवानगी देताना अट घातली: "मला प्रेरणादायी करू नका." अट पाळायचा प्रयत्न करते.

"मोठ्या माणसांनाही असतं का हे?" हा प्रश्न मला अजून विचारला जातो, कधीकधी डॉक्टरांकडूनसुद्धा. बाल्टिमोरच्या लिओ कॅनरने १९४३ मध्ये अकरा मुलांवर लेख लिहिला, तिथून ऑटिझमची पाठ्यपुस्तकातली गोष्ट सुरू होते. त्याच्या आधी, १९२० च्या दशकातच, मॉस्कोच्या ग्रुन्या सुखारेवा या डॉक्टर बाईंनी अशी मुलं बारकाईने नोंदवून ठेवली होती. त्यांचं नाव विद्यार्थ्यांना मी मुद्दाम लिहून घ्यायला लावते. तर कॅनरच्या यादीतला पहिला मुलगा डोनाल्ड ट्रिपलेट. तो मोठा झाला, मिसिसिपीतल्या फॉरेस्ट नावाच्या आपल्या छोट्या गावात बँकेत नोकरी केली, गोल्फ खेळला, जगभर हिंडला आणि २०२३ मध्ये एकोणनव्वदाव्या वर्षी वारला. ऑटिझमच्या पहिल्या मुलाने म्हातारपणही पुरतं बघितलं. आणि आमच्याकडे समजूत अशी, की अठरा पूर्ण झाली की माणूस ऑटिझममधून निवृत्त होतो. थेरपी केंद्रं लहान मुलांसाठी, शाळा शाळकरी वयासाठी, पालकांचे मेळावे पालकांसाठी. पस्तिशीतल्या माणसाने जायचं कुठे? तो माझ्यासारखीच्या दारात येतो, आणि माझ्यासारखी त्याला विचारते, कसं वाटतंय.

आमच्या विषयात जेरार्ड इगनचा एक धडा सगळीकडे शिकवला जातो. समोरासमोर बसा, हातपाय मोकळे ठेवा, किंचित पुढे झुका, डोळ्यांत बघा, सैल राहा. मी तो वर्षानुवर्षं शिकवला, परीक्षेत विचारला आणि डोळ्यांत न बघणाऱ्या विद्यार्थ्यांचे गुण कापले. धडा वाईट नाही. पण ज्याला दुसऱ्याचे डोळे म्हणजे अंगावर रोखलेला टॉर्च वाटतो, त्याच्यासमोर पुढे झुकून, डोळे लावून बसणं ही आपुलकी राहत नाही, चौकशी होते. ज्या दिवशी मी खुर्ची वळवून खिडकीकडे तोंड करून बसले, त्या दिवशी इंजिनियरसाहेब पहिल्यांदा सलग बारा मिनिटं बोलले. नंतर काही जणांबरोबर मी सकाळी हनुमान टेकडीवर जायला लागले. शेजारीशेजारी चालायचं, नजर पायवाटेवर. चढावर दम लागला की गप्प बसायला दोघांनाही निमित्त मिळतं. समुपदेशकाला चप्पल बदलावी लागते, एवढाच त्रास.

आता बँकेत काम करणाऱ्या एका बाईंबद्दल. अठ्ठेचाळिसाव्या वर्षी त्या माझ्याकडे आल्या. बँकेत त्यांची ख्याती 'शिष्ट', सासरी 'आढ्यताखोर', माहेरी 'वेंधळी'. नैराश्याचं निदान तीन वेळा, तीन डॉक्टरांकडून. गोळ्यांनी झोप लागायची, थकवा जायचा नाही. मुलींना आणि बायकांना हे निदान उशिरा मिळतं याचं एक कारण त्यांच्या पिशवीत होतं: दोनशे पानी लांब वही. कॉलेजात असताना सुरू केलेली. डाव्या बाजूला लोक काय म्हणतात, उजवीकडे त्याचा अर्थ.

त्या वहीने मला माझीच मातृभाषा नव्याने दाखवली. आपण घरातून निघताना 'येतो' म्हणतो. 'जातो' म्हणणं अशुभ. लहानपणी मामा 'येतो हं' म्हणून निघाला, तर ही मुलगी रात्री जेवणाच्या वेळेपर्यंत पायरीवर बसून राहिली होती, आणि घरात कुणालाही कळेना, ही बसलीय का. आपण नारळ फोडत नाही, वाढवतो. बांगडी फुटली तरी ती वाढवली. दुकान बंद केलं तरी दुकान वाढवलं. सात वर्षांची असताना देवळात आजीने सांगितलं, "जा, नारळ वाढव." ती गेली आणि पिशवीतून दुसरा नारळ घेऊन आली. हा विनोद त्यांच्या घरात चाळीस वर्षं सांगितला जातोय, प्रत्येक लग्नात. त्या म्हणाल्या, "सगळे हसतात तेव्हा मीही हसते. वहीत लिहिलंय, हसायचं."

वहीतली आणखी काही पानं आठवतात. 'या एकदा घरी': येऊ नये. 'बघू': नाही. 'काही नको, तुम्ही आलात हेच खूप': काहीतरी न्यायला हवं होतं. 'चहा घेणार?' याच्यासमोर लिहिलं होतं, पहिला 'नको' मोजत नाहीत, दुसरा मोजतातही आणि नाहीही, तिसऱ्याला चहा येतो. भाषाशास्त्राचा प्रबंध व्हावा असं काम. आणि ते करताना आतून बाई पार झिजून गेलेल्या. दिवसभर काउंटरवर प्रत्येक वाक्याचं मनातल्या मनात भाषांतर करायचं, चेहरा त्याला साजेसा ठेवायचा, आणि संध्याकाळी घरी आल्यावर न्हाणीघरात दिवा न लावता अर्धा तास बसायचं. याला इंग्रजीत मास्किंग म्हणतात. मराठीत मुखवटा म्हटलं की फसवणुकीचा वास येतो, म्हणून मी तो शब्द टाळते. हे सोंग हौसेचं नव्हतं. पोटापाण्याचं होतं.

निदान झाल्यावर त्या रडल्या वगैरे नाहीत. त्यांनी विचारलं, "म्हणजे वही बंद करू का?" मला उत्तर देता आलं नाही. त्यांनी स्वतःच ठरवलं. वही चालू आहे, पण त्यात तिसरा रकाना आखला आहे: 'याची मला गरज आहे का?' बऱ्याच ओळींपुढे फुली आहे. मामेबहिणीच्या मुलाच्या लग्नाला त्या गेल्या नाहीत, आणि 'तब्येत बरी नाही' असंही कळवलं नाही. 'गर्दी आणि बँडचा आवाज सोसत नाही, आहेर पाठवते' असं कळवलं. मामेबहीण अजून बोलत नाही.

ऑटिझमला आपण मराठीत स्वमग्नता म्हणतो. सरकारी कागदांवरही हाच शब्द आहे. स्विस मनोविकारतज्ज्ञ ब्लॉयलरने स्वतः या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून 'ऑटिझम' घडवला, तो स्किझोफ्रेनियाच्या रुग्णांचं वर्णन करायला. पुढे तो या मुलांना चिकटला आणि आपण त्याचं इमानदारीने भाषांतर केलं. पण स्वतःत मग्न? माझ्याकडे येणाऱ्यांना ट्यूबलाइटची गुणगुण ऐकू येते, शेजारच्या घरातली फोडणी तीन भिंतींतून कळते, शर्टाच्या कॉलरमागचं लेबल दिवसभर टोचतं. बँकेतल्या बाई म्हणाल्या होत्या, "स्वतःत मग्न व्हायला मिळालं तर हवंच आहे हो. जग आत घुसतं त्याचं काय करू?" मी बोलताना ऑटिस्टिक म्हणते, कारण बहुतेक जण स्वतःला तेच म्हणवून घेतात. एक काका मात्र ठामपणे 'स्वमग्न' म्हणतात, त्यांना शब्दाचा नाद आवडतो. त्यांच्याशी बोलताना मीही स्वमग्न म्हणते.

आता माझी चूक. ती सांगितल्याशिवाय हा लेख खोटा ठरेल.

सव्वीस वर्षांचा एक मुलगा. संगणकाची पदवी, गुण उत्तम, मुलाखतीत नापास. आठ वेळा. आई त्याला घेऊन आली आणि मी त्याला 'तयार' केलं. आरशासमोर बसवून शिकवलं, डोळ्यांत बघवत नसेल तर भुवयांच्या मध्ये बघ, तीन मोज, मग नजर काढ. हस्तांदोलन किती घट्ट. 'स्वतःबद्दल सांगा' म्हटल्यावर दीड मिनिटात काय सांगायचं, कुठे हसायचं. हाताची बोटं हलवायची त्याची सवय होती, ती टेबलाखाली ठेवायला लावली. तो विलक्षण आज्ञाधारक विद्यार्थी होता. तिसऱ्या मुलाखतीला नोकरी लागली. आईने पेढे आणले. माझ्या एका व्याख्यानात यशाचं उदाहरण म्हणून मी त्याची गोष्ट सांगितलीसुद्धा.

आठ महिन्यांनी आईचा फोन. मुलगा खोलीतून बाहेर येत नाही. पडदे ओढलेले, बोलणं दिवसाला चार-पाच शब्दांवर आलेलं, अंघोळ नाही, आवडता खेळ नाही. "मॅडम, तुम्ही शिकवलेलं सगळं विसरला हो तो." तो काही विसरला नव्हता. मी सांगितलेलं त्याने आठ महिने, रोज नऊ तास, एक दिवस न चुकता केलं होतं. श्वास रोखून धरायला शिकवावं आणि किती वेळ रोखला यावर शाबासकी द्यावी, तसं माझं शिकवणं झालं होतं. ऑटिस्टिक लोक याला बर्नआउट म्हणतात. आमच्या साध्या 'कामाचा कंटाळा आला'शी त्याचा संबंध नाही. सगळ्यांत जास्त भीती वाटली ती वेगळ्याच गोष्टीची. इंग्लंडमध्ये सारा कॅसिडी आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये अ‍ॅस्पर्गरचं, म्हणजे ऑटिझमच्याच एका प्रकाराचं, निदान उशिरा झालेल्या ३७४ प्रौढांची माहिती प्रसिद्ध केली होती. त्यातल्या ६६ टक्क्यांच्या मनात कधी ना कधी आत्महत्येचे विचार येऊन गेले होते. तो निबंध मी वाचला होता. मुलाला आरशासमोर बसवताना आठवला नव्हता.

तो सावरला. तीन महिने लागले, आणि माझ्यामुळे नाही. त्याच्या बहिणीने पडद्याआड रोज संध्याकाळी नुसतं बसून राहण्याचं काम केलं. आता तो घरून काम करतो, कॅमेरा बंद ठेवून. माझ्याकडे येत नाही. त्याने येऊ नये हे मला पटतं.

त्यानंतर मी शिकवण्याची पद्धत बदलली. २०१२ मध्ये डेमियन मिल्टन या ब्रिटिश समाजशास्त्रज्ञांनी, जे स्वतः ऑटिस्टिक आहेत, एक साधी गोष्ट मांडली: दोन वेगळ्या धाटणीच्या माणसांत गैरसमज झाला तर तो दोघांचा असतो. ऑटिस्टिक माणसाला आपलं मन वाचता येत नाही म्हणून आपण ओरडतो, पण आपल्याला त्याचं तरी कुठे वाचता येतं? मी 'प्रतिकार' लिहिलंच होतं की. कॅथरीन क्रॉम्प्टन आणि सहकाऱ्यांनी हे तपासायला चक्क कानगोष्टींचा खेळ लावला. एक गोष्ट एकाने दुसऱ्याला, दुसऱ्याने तिसऱ्याला, अशी आठ जणांची साखळी. काही साखळ्या सगळ्या ऑटिस्टिक, काही सगळ्या इतर, काही एकाआड एक. २०२० मध्ये निकाल आला: ऑटिस्टिक साखळीत गोष्ट इतरांइतकीच शाबूत पोचली, मिश्र साखळीत जास्त गळली. नंतरच्या मोठ्या अभ्यासात मिश्र साखळीतली ती गळती काही दिसली नाही. पण ऑटिस्टिक साखळी कमी पडत नाही, हे दोन्हीकडे टिकलं. मला तेवढं पुरेसं आहे.

त्याचा पडताळा दर शनिवारी दुपारी चार वाजता मिळतो. सदाशिव पेठेत दुसऱ्या मजल्यावर माझी खोली आहे, तिथे सहा-सात जण जमतात. ट्यूबलाइट बंद, पंखा दोनवर, कारण तीनवर तो टकटक वाजतो. उदबत्ती नाही. पहिल्या दिवशी कुणी कुणाकडे पाहिलं नाही आणि दीड तास गप्पा रंगल्या. गप्पा म्हणजे काय, तर एकाने पीएमपीएमएलच्या बसमार्गांवर वीस मिनिटं बोलायचं, कुठला क्रमांक कधी बदलला आणि का. मग दुसरीने भिंतीवरच्या शेवाळावर वीस मिनिटं. आमच्या शास्त्रात याला समांतर एकपात्री म्हणून नाकं मुरडतात. त्यांना विचारलं तर शेवाळवाली म्हणाली, "त्याने मला त्याची सगळ्यांत चांगली वस्तू दाखवली, मी माझी दाखवली." ऐकायला गोड वाटतं, पण खरं सांगते, बसच्या क्रमांकांनी मी कंटाळते. एकदा डुलकीही लागली. ही माणसं ऋषी नाहीत. चिडतात, हेका धरतात, एकमेकांवर रुसतात, आणि ज्याचा जो विषय त्यावर समोरच्याला जीव नकोसा करतात. आपल्या घरातल्या क्रिकेटवेड्या काकांसारखेच.

गणपतीचे दहा दिवस आमच्या गटाला परीक्षेचे. ढोल-ताशाचा सराव नदीकाठी महिना-दोन महिने आधीच सुरू होतो, आणि विसर्जनाच्या दिवशी पेठेत राहणं अशक्य. बाई वाईला भावाकडे जातात, इंजिनियर कानांवर हेडफोन चढवून मुलाला घेऊन लोणावळ्याकडे. आणि गटातला एक पंचविशीतला मुलगा? तो पथकात ढोल वाजवतो. मिक्सर लावला तर कान झाकणारा मुलगा. मी विचारलं, तर त्याने जरा नवलाने उत्तर दिलं, "मिक्सर कधी लावतील ते मला माहीत नसतं. ढोल मीच वाजवतो ना." आवाज किती मोठा यापेक्षा तो कधी येणार आणि कुणाच्या हातात आहे, यावर सगळं अवलंबून असतं, हे मी पुस्तकात वाचलं होतं. कमरेला ढोल बांधलेला तो मुलगा दिसल्यावर मला ते समजलं.

अपंगत्वाच्या प्रमाणपत्राबद्दल थोडक्यात लिहिणार होते, पण राग येतो. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात एकवीस प्रकारचं अपंगत्व आहे, त्यात ऑटिझम आहे. सरकारी नोकरीतल्या चार टक्के आरक्षणापैकी एक टक्का ऑटिझमसह काही गटांत मिळून आहे. कलम २१ प्रमाणे प्रत्येक आस्थापनेने समान संधीचं धोरण जाहीर करायला हवं. कागद चांगला आहे. पण त्या कागदापर्यंत जायला आधी दाखला हवा. गटातले एक पंचेचाळिशीतले गृहस्थ एका सरकारी रुग्णालयात दाखल्यासाठी गेले. मूल्यमापनाच्या भारतीय मापनश्रेणीत चाळीस मुद्दे, आणि बालपणीचं सांगायला घरचं माणूस हवं. त्यांची आई दहा वर्षांपूर्वी गेली. "शिकलात, नोकरी आहे, लग्न झालंय, मग अडचण काय?" असं विचारून परत पाठवलं. दुसऱ्या खेपेलाही तेच. तिसऱ्या खेपेला ओळीत पाच तास उभं राहावं लागलं. वर ट्यूबलाइट, आजूबाजूला रडणारी मुलं, स्पीकरवर नावं. नंबर आला तेव्हा त्यांच्या तोंडून शब्द फुटेना. भिंतीकडे तोंड करून ते डोलायला लागले. त्या दिवशी दाखला मिळाला.

खरं म्हणजे बहुतेकांना हवं असतं ते फार थोडं आणि फुकट. इंजिनियरने आपल्या वरिष्ठाला तीन ओळींची मेल लिहिली: जागा भिंतीकडेची द्या, मीटिंगचे मुद्दे आदल्या दिवशी लिहून द्या, तातडीचं असेल तर 'तातडीचं' असं लिहा. वरिष्ठ भला निघाला. दोन महिन्यांनी शीटचा शेवटचा रकाना बराच मोकळा झाला. एकदा त्यात नवीन शब्द दिसला: 'बरं'. मी काही विचारलं नाही.

आता माझ्या वर्गात वर्षातून चार तास ही मंडळी शिकवायला येतात. मानधन घेऊन, पाहुण्या व्याख्यात्यांना देतो तेवढंच. विद्यार्थी त्यांच्याशी सरावाची मुलाखत करतात आणि शेवटी गुण ते देतात. गेल्या वर्षी एका हुशार मुलीला त्यांनी दहापैकी तीन दिले. "तू दर वाक्याला 'हं, हं' करतेस. हो म्हणतेस, की लवकर संपव म्हणतेस?" ते 'हं' मीच शिकवलेलं. दुसऱ्याला नऊ मिळाले, तो बिचारा घाबरून सुरुवातीलाच म्हणाला होता, "मी चार प्रश्न विचारणार आहे, शेवटचा अवघड आहे, त्याला नाही म्हटलं तरी चालेल." मी वर्गात आता हेच शिकवते. उत्तराला मोकळी जागा ठेवा, पण प्रश्नाला कुंपण घाला. 'कसं वाटतंय' ऐवजी 'काल रात्री झोप किती वाजता लागली' असं विचारा. आणि मनात जे आहे ते तोंडाने बोला, सुचवू नका. आपल्याकडे सुचवण्याला संस्कार म्हणतात, म्हणून विद्यार्थ्यांना हे जड जातं. मलाही गेलं.

पुणेरी पाट्यांना जग हसतं. आमच्या गटाला त्या मनापासून आवडतात. 'दुपारी एक ते चार बेल वाजवू नये' यात कळायला अवघड काय आहे? बँकेतल्या बाई म्हणाल्या, की सबंध पेठेत न भांडता समजणारं मराठी तेवढंच आहे. मग आम्हीही एक पाटी करायची ठरवली. मजकूर गटाने एक महिना घासला. पहिली पाटी लागली तेव्हा इंजिनियरने सहा आठवडे घड्याळ लावून भेटी मोजल्या आणि '५० मिनिटे' ही माहिती खोटी असल्याचं दाखवून दिलं; सरासरी छप्पन्न. दुसऱ्या पाटीवर ते बदललं, तर तिच्यावर लिहिल्याप्रमाणे बेल वाजवायची नाही, मग आम्ही आलोय हे तुम्हाला कळणार कसं, असा रास्त प्रश्न शेवाळवालीने काढला. सध्या दारावर तिसरी पाटी आहे:

'भेट ५० ते ६० मिनिटांची आहे. आल्यावर बेल एकदा वाजवून बाकावर बसावे. आत बोलावले जाईल. डोळ्यांत बघण्याची सक्ती नाही. प्रश्न कळला नाही तर तो नीट विचारलेला नाही असे समजून तसे सांगावे. चहा एकदाच विचारला जाईल. नको म्हटल्यास मिळणार नाही.'